वैद्यक-शाळेंतला धूर

श्रोतेहो, इ. स. १६९९ सालची गोष्ट. पॅरिस येथील वैद्यक-विद्यापीठांत त्या वर्षीं एका प्रबंधावर जाहीर वाद झाला. प्रबंधाचा प्रश्न असा होता कीं, तंबाखूच्या नित्य सेवनानें मनुष्याचें आयुष्य कमी होतें काय? प्रबंधांत उत्तर होतें, होय, कमी होतें. या सभेची अशी कथा सांगतात कीं, चौदाव्या लुई राजाचे राजवैद्य फागों हे तिचे अध्यक्ष व्हावयाचे होते. पण त्यांना येतां आलें नाहीं. त्यांच्या जागीं जे गृहस्थ बसले त्यांनीं तंबाखूची मनसोक्त निंदा केली. मात्र बोलतां बोलतां त्यांचा हात तपकिरीच्या डबीकडे सारखा जात होता, आणि वाद संपेपर्यंत त्यांच्या नाकाला विसांवा मिळाला नाहीं. प्रबंधांतील युक्तिवाद लोक विसरले. डबी मात्र इतिहासांत राहिली.

ही डबी आजच्या भाषणांत शेवटपर्यंत आपल्यासमोर ठेवण्याचा माझा विचार आहे. तंबाखू अपायकारक आहे हें आज शाळेंतलें मूलही सांगतें. परंतु हें ज्ञान जगाला कोणी दिलें, आणि देणारांना तें स्वतः पचवितांना किती सायास पडले, हें फारसें सांगितलें जात नाहीं. तो इतिहास बराचसा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा आणि त्यांच्या गुरूंचा आहे. आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी मेडिकल कॉलेजांत जाऊं लागली, म्हणजे निदान आरोग्याच्या बाबतींत तरी तीं शहाणीं होऊन येतील असें आपण गृहीत धरतों. तसें गृहीत धरण्यापूर्वीं हा इतिहास ऐकून ठेवणें बरें.

प्रारंभीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. युरोपांत तंबाखूचा पाय स्थिरावला तो बऱ्याच अंशीं औषध म्हणून. स्पेनमधील सेव्हिल शहरचा वैद्य निकोलास मोनार्देस यानें १५७१ सालीं या नव्या पानाचे गुण ग्रंथांत वर्णिले आणि कितीतरी रोगांवर तें उपयोगी असल्याचें सांगितलें. १६०५ सालीं इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ऑक्सफर्डला आला, तेव्हां निरोगी मनुष्यानें तंबाखूचा धूर वारंवार घेणें हितकारक आहे काय, हा विषय वैद्यकाच्या पंडितांनीं त्याच्यापुढें वादासाठीं घेतला. राजा तंबाखूचा कट्टर द्वेष्टा होता. आदल्याच वर्षीं त्यानें तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. परंतु राजाच्या द्वेषापेक्षां साथीची भीति बलवत्तर ठरली. दूषित वाऱ्यानें रोग पसरतो अशी त्या काळची समजूत होती. अर्थात् वाऱ्यापुढें धुराचा पडदा धरावा, हें ओघानेंच आलें. १६३५ नंतरच्या प्लेगांत निमेगेन येथील डीमरब्रूक नांवाचा डच वैद्य रोग्यांच्या घरोघर हिंडला आणि आत्मरक्षणार्थ तंबाखू ओढीत राहिला. तो वांचला, आणि तो वांचला म्हणून धुराची कीर्ति वाढली. १६६५ सालीं लंडनमध्यें दारांवर प्लेगच्या तांबड्या खुणा पाहतांच सॅम्युएल पेपीस या प्रसिद्ध रोजनिशीकारानें तंबाखू विकत घेतली, हुंगली आणि चघळली. जे धूर घेऊनही मेले त्यांची गणती कोणी ठेविली नाहीं. हा गणतीचा मुद्दा श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

या समजुतीचा वारसा वैद्यक-शाळांकडे आला, आणि तो त्यांच्या सर्वांत अवघड खोलींत जपला गेला. ती खोली म्हणजे शवविच्छेदनगृह. प्रेत टिकविण्यासाठीं फॉर्मॅलिनचा उपयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. त्यापूर्वीं त्या खोलींतील दुर्गंध किती असह्य असेल, याची कल्पनाच करावी. युरोपांत आणि अमेरिकेंत विद्यार्थी तोंडांत पाइप धरून विच्छेदन करीत, आणि दुर्गंधावरचा उपाय म्हणून तें चालूनही जाई. प्रेताभोंवतीं उभे राहून काढविलेलीं त्या काळच्या विद्यार्थ्यांचीं छायाचित्रें आजही पाहावयास मिळतात. त्यांत कित्येकांच्या ओठांत पाइप दिसतो. परंतु धुराचें काम केवळ वास झांकण्याचें नसावें असें मला वाटतें. घर सोडून नुकताच आलेला तरुण, समोर उघडें प्रेत, आणि आजूबाजूला बरोबरीचे सोबती! हात थरथरूं नये, पोटांत ढवळूं नये, आणि झालेंच तर तें कोणाला दिसूं नये, एवढीच त्याची इच्छा. त्याची भीति धुरामागें लपत असे. ज्या खोलींत मनुष्यदेहाची प्रथम ओळख व्हावयाची, त्याच खोलींत त्या देहाच्या एका शत्रूशीं मैत्री जुळे, आणि ती मैत्री पुढें जन्मभर टिके.

आतां आपण अमेरिकेंतील सेंट लुई या शहरीं जाऊं. तेथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यक-शाळेंत या इतिहासाचा सर्वांत नाट्यपूर्ण भाग घडला. १९१९ सालीं तेथील रुग्णालयांत एक मनुष्य फुप्फुसाच्या कर्करोगानें मरण पावला. प्राध्यापक जॉर्ज डॉक यांनीं वरच्या दोन वर्गांतील विद्यार्थ्यांना त्याचें शवविच्छेदन पाहण्यास मुद्दाम बोलाविलें. हा रोग इतका दुर्मिळ आहे कीं, जन्मांत पुन्हां दुसरा रोगी तुमच्या पाहण्यांत कदाचित् येणार नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. त्या विद्यार्थ्यांत आल्टन ऑक्सनर हे होते. गुरूचें भाकीत सतरा वर्षें खरें ठरलें. ऑक्सनर शल्यवैद्य झाले, न्यू ऑर्लिअन्स येथें प्राध्यापक झाले, पण तसा रोगी त्यांना पुन्हां भेटला नाहीं. १९३६ सालीं मात्र एक भेटला, आणि मग अवघ्या सहा महिन्यांत नऊ भेटले. सगळे पुरुष, सगळे सिगारेटींचे भोक्ते, आणि सगळ्यांना ती संवय जडली ती पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत. खंदकांतील शिपायांना तेव्हां सिगारेटी मुबलक मिळत. बीज पेरल्यावर वीस वर्षांनीं हें पीक आलें, असा तर्क ऑक्सनर यांनीं केला, आणि १९३९ सालीं आपले तरुण सहकारी मायकेल डीबेकी यांच्यासह तो छापून प्रसिद्धही केला.

हा तर्क ज्यांनीं हंसण्यावारी नेला, त्यांत सेंट लुई येथील शल्यशास्त्राचे प्राध्यापक एव्हर्ट्स ग्रॅहॅम हे प्रमुख होते. हें नांव सामान्य नव्हे. १९३३ सालच्या एप्रिल महिन्यांत ग्रॅहॅम यांनीं कर्करोगानें ग्रासलेलें एक संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेंत काढून रोगी वांचविला होता. त्यापूर्वीं हें कोणालाही साधलें नव्हतें. रोगीही डॉक्टरच होता. पिट्सबर्गचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स गिल्मोर. ते त्यानंतर तीस वर्षें जगले. अशा या महान् शल्यवैद्याला स्वतःला सिगारेटींचें मोठें व्यसन होतें. ऑक्सनर यांचें म्हणणें ऐकून ते उत्तर देत कीं, सिगारेटींचा खप आणि कर्करोग बरोबरीनें वाढले हें खरें. पण तसा नायलॉनच्या पायमोज्यांचा खपही वाढलाच आहे! या उत्तरांत नुसती थट्टा नव्हती. दोन गोष्टी एकदम वाढल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं, हा शास्त्राचा नियमच आहे. परंतु शास्त्राचा नियम ज्याच्या त्याच्या संवयीच्या मदतीला किती तत्परतेनें धांवून येतो, हेंही येथें पाहण्यासारखें आहे.

त्या काळचें वातावरणच तसें होतें. अमेरिकन वैद्यक-संघाच्या मुखपत्रांत १९३३ पासून वीस वर्षें सिगारेटींच्या जाहिराती छापल्या जात होत्या. १९४६ सालीं कॅमल सिगारेटच्या मालकांनीं एक नवी जाहिरात काढली. डॉक्टर इतर कोणत्याही सिगारेटपेक्षां कॅमल अधिक ओढतात असा तिचा मथितार्थ होता, आणि शोभेला पांढऱ्या अंगरख्यांतला हंसतमुख डॉक्टर होता. रोग्यानें ज्याच्याकडे विश्वासानें पाहावें त्याचाच चेहरा दुकानदारानें विकत घेतला होता. वर्गांत गुरूच्या बोटांत सिगारेट, वाचनालयांतल्या मासिकांत सिगारेट, मग विद्यार्थ्यानें संशय घ्यावा तरी कोठून?

तरीही संशय घेतला तो एका विद्यार्थ्यानेंच. त्याचें नांव अर्न्स्ट विंडर. जर्मनींत जन्मलेला हा मुलगा नाझींच्या अमलामुळें १९३८ सालीं कुटुंबासह अमेरिकेस आला आणि सेंट लुईच्या याच वैद्यक-शाळेंत शिकूं लागला. १९४८ च्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्क येथें असतांना त्यानें फुप्फुसाच्या कर्करोगानें मेलेल्या एका मनुष्याचें शवविच्छेदन पाहिलें. रोग्याच्या कागदपत्रांत तंबाखूविषयीं एक अक्षरही नव्हतें. विंडरनें त्याच्या विधवा पत्नीला विचारलें, आणि तिनें सांगितलें कीं, नवरा रोज दोन पाकिटें सिगारेटी ओढीत असे. १९१९ सालच्या विद्यार्थ्यांनीं टेबलावरचें प्रेत पाहिलें होतें. १९४८ सालच्या या विद्यार्थ्यानें त्या मनुष्याचें जगणें कसें होतें याची चौकशी केली. वैद्यकाची एक मोठी पायरी या साध्या प्रश्नानें ओलांडली गेली.

विंडर सेंट लुईस परतला आणि ग्रॅहॅम यांच्याकडे गेला. तुमच्या रोग्यांना मला प्रश्न विचारूं द्या, अशी त्याची मागणी होती. प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. एका बाजूला जगप्रसिद्ध शल्यवैद्य, स्वतः धूम्रपानी, या कल्पनेची जाहीर थट्टा केलेला. दुसऱ्या बाजूला अजून पदवीही न मिळालेला पोरसवदा विद्यार्थी. ग्रॅहॅम यांनीं नकार दिला असता तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनीं परवानगी दिली. आपली समजूत खोटी ठरविण्याचीं साधनें त्यांनीं आपल्या हातानें शिष्याच्या स्वाधीन केलीं. त्यांच्या सर्व शस्त्रक्रियांपेक्षां ही गोष्ट मला मोठी वाटते.

मग गणती सुरू झाली. १९५० सालच्या २७ मे रोजीं गुरुशिष्यांचा लेख त्याच वैद्यक-संघाच्या मुखपत्रांत प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६८४ निश्चित रोग्यांवर तो आधारलेला होता. त्यांतील पुरुष रोग्यांपैकीं शेंकडा ९६ हून अधिक जण मध्यम प्रमाणापासून अतिरेकापर्यंत वर्षानुवर्षें धूम्रपान करणारे निघाले. रुग्णालयांतील इतर पुरुषांत तेंच प्रमाण शेंकडा ७४ च्या आंत होतें. पुढें १९५३ सालीं ग्रॅहॅम, विंडर आणि ॲडेल क्रोनिंजर यांनीं सिगारेटच्या धुराचें डांबर उंदरांच्या पाठीवर लावून तेथें कर्करोग उत्पन्न होतो हेंही दाखविलें. आतां पायमोज्यांचा दाखला कोणाला देतां येईना. ग्रॅहॅम यांनीं स्वतः सिगारेट सोडली. मुखपत्रानें जाहिराती बंद करण्याचा निर्णय घेतला तो १९५३ सालीं, म्हणजे हा लेख छापल्यानंतर आणखी तीन वर्षांनीं.

इकडे लंडनमध्यें ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि रिचर्ड डॉल हे याच प्रश्नाच्या मागें होते. हिल यांना डॉक्टर व्हावयाचें होतें. पहिल्या महायुद्धांत क्षयरोग जडल्यामुळें तें राहून गेलें आणि ते संख्याशास्त्राकडे वळले. डॉल हे डॉक्टर होते आणि सिगारेट ओढीत. आपल्याच संशोधनाचे आंकडे पाहून त्यांनीं ती सोडली. १९५० च्या सप्टेंबरांत त्यांचाही लेख प्रसिद्ध झाला व निष्कर्ष तोच आला. पण लोकांचें समाधान होईना. रोग झाल्यावर मागची संवय विचारण्यापेक्षां, आधीं संवय नोंदवून पुढें काय होतें हें पाहत राहावें, असें दोघांनीं ठरविलें. मात्र पाहत राहावयाचें कोणाकडे? त्यांनीं निवडले ते डॉक्टरच. १९५१ च्या ऑक्टोबरअखेर ब्रिटनमधील नोंदणीकृत डॉक्टरांना त्यांनीं छोटी प्रश्नपत्रिका धाडली. डॉक्टरांचीं नांवें व पत्ते नोंदवहींत असतात, त्यांचा माग काढणें सोपें, आणि आपल्या संवयीची हकीकत ते नेमकी सांगूं शकतात. ज्या पुरुष डॉक्टरांचा पुढें पन्नास वर्षें मागोवा घेण्यांत आला त्यांची संख्या ३४,४३९ होती.

१९५४ सालीं पहिला निकाल हातीं आला. तोंवर या डॉक्टरांपैकीं ३६ जण फुप्फुसाच्या कर्करोगानें मरण पावले होते, आणि त्यांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता. आजवर डॉक्टर इतरांचे मृत्यु मोजीत आला होता. आतां त्याचाच मृत्यु मोजला गेला. ब्रिटिश डॉक्टरांनीं पुढें मोठ्या संख्येनें सिगारेट सोडली. त्याच १९५४ सालच्या फेब्रुवारींत ब्रिटनचे आरोग्यमंत्री इयन मॅक्लिऑड यांनीं वार्ताहरांना बोलावून धूम्रपान व कर्करोग यांच्या संबंधाची वार्ता सांगितली, आणि ती सांगतांना ते एकामागून एक सिगारेट ओढीत होते. पॅरिसची डबी अडीचशें वर्षांनीं लंडनला पोंचली, एवढेंच!

हें सर्व परदेशाचें झालें असें आपणांस म्हणतां येणार नाहीं. मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथील रोग्यांची अशीच गणती करून सांघवी, राव आणि वसंत रामजी खानोलकर यांनीं १९५५ सालीं ब्रिटिश वैद्यक-पत्रिकेंत लेख लिहिला. आपल्याकडे तंबाखू ओढली जाते तशी खाल्लीही जाते. म्हणून येथील पुरावा फुप्फुसापेक्षां तोंडांत आणि घशांत सांपडला, आणि खाण्याचा व ओढण्याचा या रोगांशीं असलेला संबंध त्यांनीं मांडला. पानाच्या तबकांतील तंबाखू निरुपद्रवी आणि सिगारेट तेवढी वाईट, असा सोईस्कर भेद आपल्या घरोघर केला जात असे. त्या भेदाला मुंबईच्या या आंकड्यांनीं तेव्हांच छेद दिला.

ग्रॅहॅम यांची कथा मात्र अजून पुरी झालेली नाहीं. १९५७ सालच्या फेब्रुवारींत त्यांनीं एक पत्र लिहिलें. तें लिहिलें ऑक्सनर यांना, म्हणजे ज्यांची त्यांनीं एके काळीं थट्टा केली होती त्यांनाच. आपल्या दोन्ही फुप्फुसांत कर्करोग निघाला आहे, सिगारेट सोडून कांहीं वर्षें झालीं खरीं, पण त्यापूर्वींच्या अनेक वर्षांत व्हावयाचें तें नुकसान होऊन गेलें होतें, अशा आशयाचें तें पत्र होतें. ज्यानें एक फुप्फुस काढून दुसऱ्याला तीस वर्षें दिलीं, त्याच्यापाशीं स्वतःसाठीं कांहीं उपाय उरला नव्हता. मार्चच्या आरंभींच ते वारले. त्या दिवशीं गिल्मोर हयात होते.

ज्ञान झालें म्हणजे संवय आपोआप सुटते, ही आशा या इतिहासानें वारंवार खोटी ठरविली आहे. २००५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागानें दहा देशांतील वैद्यकीय व तत्सम अभ्यासक्रमांच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. दहांपैकीं सात देशांत पांचांतील एकाहून अधिक विद्यार्थी सिगारेट ओढणारे आढळले. रोग्याला हें व्यसन सोडविण्यास मदत कशी करावी, याचें रीतसर शिक्षण मिळालेले विद्यार्थी मात्र थोडेच होते. फुप्फुसाची प्रत्येक शिर त्यांना दाखविली जाते. तीं फुप्फुसें धुरापासून सोडविण्याची विद्या बहुतेकांना शिकविली गेली नव्हती. यांत दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाहीं. कष्टाच्या रात्री, परीक्षेची धास्ती, मृत्यूचें नित्य दर्शन, आणि वडीलधाऱ्यांचें उदाहरण, हीं जुन्या विच्छेदनगृहांत होतीं तशींच पुढेंही राहिलीं.

तेव्हां पॅरिसच्या त्या प्रश्नाचें उत्तर काय? तें २००४ सालीं मिळालें. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या हिशेबाचा निकाल डॉल यांनीं आपल्या वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे डॉक्टर न ओढणारांपेक्षां सुमारें १० वर्षें आधीं मेले. साठाव्या वर्षीं सोडणारानें त्यांतलीं सुमारें ३ वर्षें परत मिळविलीं, पन्नासाव्या वर्षीं सोडणारानें ६, चाळिसाव्या वर्षीं सोडणारानें ९, आणि तिसाव्या वर्षीं सोडणारानें जवळ जवळ सगळीं. तिसावें वर्ष म्हणजे तरुण डॉक्टर शिक्षण संपवून नुकता व्यवसायांत स्थिरावतो तें वय.

१६९९ सालच्या प्रबंधानें होकार दिला होता. तो होकार किती वर्षांचा, हें मोजावयास तीनशें वर्षें लागलीं, आणि तें मोजण्यासाठीं डॉक्टरांनीं आपलींच आयुष्यें कामीं लाविलीं. आपल्या घरांतील मुलगा अथवा मुलगी जेव्हां पांढरा अंगरखा घालून प्रथम घराबाहेर पडेल, तेव्हां हा हिशेब त्यांच्या कानीं घालावा. आणि घालतांना, श्रोतेहो, आपल्या स्वतःच्या खिशांत डबी नाहीं ना, एवढें आधीं चांचपून पाहावें.